पाठीचा बाक, पोटाची चरबी आणि अठरा टक्के

माझ्या पाठीचं पहिलं निदान आईच्या शिलाई मशीनवर झालं. २००३ सालचा जून, मी आठवीत. आई कारखान्यातून युनिफॉर्मचं काम घरी आणून शिवायची आणि माझाही गणवेश तीच शिवायची. त्या वर्षी स्कर्टची कड उजवीकडे वर जायला लागली. आपलंच कापताना चुकलं असं समजून तिने तो उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माप घेताना कड बघायला म्हणून तिने मला पुढे वाकवलं आणि पाठीवर हात फिरवता फिरवता एकदम थांबली. उजव्या बाजूला उंचवटा होता. डॉक्टरही वाकवूनच बघतात, हे आम्हाला नंतर कळलं.

स्कोलिओसिस. एक्स-रेवर कोन मोजतात, दहा अंशांच्या पुढे गेला की हे नाव देतात. माझा बावन्न होता. पट्टा लावायची वेळ गेली होती. २००५ मध्ये पुण्यात ऑपरेशन झालं, पाठीत टायटॅनियमच्या दोन दांड्या आणि स्क्रू बसले, कोन चोवीसवर आला. सगळे म्हणाले, पोरगी सरळ झाली.

सरळ झाले ते मणके, आणि तेही बरेचसे. या आजारात कणा नुसता एका बाजूला कलत नाही, पीळ दिलेल्या सुतासारखा स्वतःभोवती फिरतो आणि बरगड्यांनाही सोबत फिरवतो. माझ्या उजव्या बरगड्या मागे आल्या, डाव्या खांद्याच्या पात्याखाली खळगा पडला. खालच्या भागात उलटा बाक, त्यामुळे उजव्या कमरेत खोल खाच आणि डावी कमर भिंतीसारखी सपाट. दांड्यांनी कलणं बरंच सुधारलं, पीळ त्या मानाने कमी. पुढची अठरा वर्षं आई माझ्या प्रत्येक ब्लाऊजला, प्रत्येक कुडत्याला आतून डावीकडे स्पंजचा एक थर लावत आली. बाहेरून कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. रांगेत मागे कोणी उभं राहिलं की माझा हात आपोआप ओढणी मागे सोडायचा. ग्रुप फोटोत मी नेहमी भिंतीला टेकून.

हे लिहितेय कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत काहीच सापडलं नाही. दांड्यांच्या ऑपरेशनबद्दल थोडंफार आहे, त्यानंतर शरीराच्या ठेवणीचं जे उरतं त्याबद्दल कोणी बोलत नाही. सांगायला गेलं तर, "अगं, चालतीयस-फिरतीयस, कशाला करायलीस हे आता?"

ही ठेवण सुधारून घ्यायच्या मागे लागले सप्टेंबर २०२३ मध्ये. तेव्हा मी तेहतीस वर्षांची, एका युनिफॉर्म कारखान्यात अकाउंट्स बघते. आधी सोलापुरातच एका क्लिनिकमध्ये गेले. बाहेर 'कॉस्मेटिक सर्जन' अशी पाटी, फी ५००. त्यांनी कुडत्यावरूनच पाठ बघितली आणि दहा मिनिटांत सांगितलं, उजवीकडचा उंचवटा लायपोसक्शनने, म्हणजे चरबी ओढून, काढून टाकू, ऐंशी हजार. मी विचारलं, ती तर बरगडी आहे ना? त्यावर मिळालेलं उत्तर ऐकून मी उठले. घरी येऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी शोधली. तुम्हीही शोधा. प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का तेवढं बघायचं. पाटीवर काय रंगवलंय त्याला अर्थ नाही.

मग ठरवलं की आधी कण्याचे डॉक्टर, नंतर प्लॅस्टिक सर्जन. हा क्रम मला कोणी सांगितला नव्हता, पण तो बरोबर निघाला, कारण प्लॅस्टिक सर्जनने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की कणा स्थिर आहे का. बाक अजून वाढत असेल तर वरवरची डागडुजी दोन वर्षांत वाकडी होणार.

कण्याच्या डॉक्टरांना २००५ चे कागद हवे होते, कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत, कोणता धातू. त्या हॉस्पिटलला फोन केला तर एवढी जुनी रेकॉर्ड ठेवत नाही म्हणाले. त्यांना तेवढी ठेवण्याचं बंधनही नसतं. फाइल सापडली आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली, डिस्चार्ज कार्डासकट. आईने त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. एक अक्षर थोडं लाल झालंय, बाकी सगळं वाचता येतं. तुमच्या मुलांचे असे कागद असतील तर त्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

९ ऑक्टोबरला, सोमवारी, पहाटेच्या वंदे भारतने पुणे. उभं राहून पूर्ण कण्याचा एक्स-रे, १,६०० रुपये. कोन सव्वीस. अठरा वर्षांत दोन अंश, आणि मोजताना एवढा फरक पडतोच असं डॉक्टर म्हणाले. दांड्या जागेवर, स्क्रू घट्ट. मग मी उंचवट्याचं विचारलं. त्यावरचा खरा इलाज म्हणजे मागे आलेल्या चार-पाच बरगड्यांचे तुकडे काढणं. बरगड्या काही महिन्यांत परत जुळून येतात, चपट्या. पण श्वासाची ताकद त्यात काही काळ तरी कमी होते, आणि माझी फुफ्फुसांची चाचणी, ज्याला पीएफटी म्हणतात, आली अपेक्षेच्या अडुसष्ट टक्के. छातीचा पिंजराच पिळलेला, त्यात फुफ्फुसाला जागा किती मिळणार! डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "दिसण्यासाठी मी तुमचा श्वास कमी करणार नाही."

येताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये खिडकीला डोकं टेकून दौंडपर्यंत रडले. समोरच्या काकूंनी काही न विचारता कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली.

प्लॅस्टिक सर्जनची वेळ मिळाली ६ नोव्हेंबरची. फी १,२००. त्या बाईंनी तपासायला चाळीस मिनिटं घेतली, उभं करून, बसवून, वाकवून, आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढले. फोटोंसाठी वेगळं संमतीपत्र असतं. चेहरा येणार नाही, माझ्या फाइलबाहेर वापरणार नाही, हे मी त्यावर पेनने लिहून घेतलं. त्यांना राग आला नाही. ऑपरेशनचं संमतीपत्र मराठीत मिळतं का तेही विचारलं, मिळालं. इंग्रजीत सही करून टाकण्यापेक्षा विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं.

त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच नीट पटलं. उंचवटा कापता येत नसेल तर त्याच्या शेजारचा खळगा भरू. पोटावरची आणि मांड्यांची चरबी बारीक नळीने काढायची, पाणी-रक्त वेगळं करायचं आणि ती डाव्या पात्याखाली थरांथरांत सोडायची. तशीच थोडी उजव्या कमरेच्या खाचेत. डाव्या सपाट कमरेतून थोडी काढायची. दोन बाजूंमधला फरक कमी झाला की डोळ्याला बाक कमी वाटतो. कण्याला कोणी हात लावणार नाही, दुखणं असेल तर ते जाणार नाही, श्वास वाढणार नाही. भरलेल्या चरबीतली बरीचशी, कुणाची तिसरा हिस्सा तर कुणाची निम्मी, पहिल्या काही महिन्यांत विरून जाते. जी जगते ती राहते. म्हणून अनेकांना दुसरी फेरी लागते. हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि खाली एक ओळ: 'सरळ पाठ हे उद्दिष्ट नाही.' ती वाचून घरी मी दोन दिवस गप्प होते.

एक गंमत म्हणजे माझ्याकडे पुरेशी चरबीच नव्हती. वजन सेहेचाळीस किलो. डॉक्टर म्हणाल्या, तीन किलो वाढवा आणि मग तिथेच टिकवा, कारण पाठीत भरलेली चरबीही शरीराचीच, तुम्ही वाळलात तर तीही वाळणार. आईला हे सांगितलं तेव्हा तिला झालेला आनंद मी आयुष्यात विसरणार नाही. तेव्हापासून रोज शेंगापोळी, डिसेंबरात हुरडा. जानेवारीत काटा एकोणपन्नासवर.

आता पैशांचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण खरी दमछाक इथेच झाली.

पॅकेज १,८५,०००. त्याखाली वेगळी ओळ: जीएसटी १८ टक्के, ३३,३००. मी अकाउंट्समधली, त्यामुळे ती ओळ आधी दिसली. उपचारांवर जीएसटी नसतो. पण त्या सवलतीतून केसरोपण, कॉस्मेटिक आणि प्लॅस्टिक सर्जरी वगळलेली आहे. आणि त्या वगळण्यालाही एक अपवाद आहे: जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यामुळे बिघडलेली शरीराची रचना पूर्ववत करायला केलेली सर्जरी करमुक्त. २०१७ च्या अधिसूचना क्रमांक १२ मध्ये आरोग्यसेवेच्या व्याख्येतच ते दिलंय. वाढत्या वयात पिळलेला कणा ही वाढीतली विकृती नाही तर काय?

मी ती अधिसूचना छापून बिलिंग काउंटरवर नेली. तिथल्या मुलाने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये कॉस्मेटिक टाकलंय." सिस्टीमशी वाद घालता येत नाही. मग ईमेल, मग त्यांच्या सीएंचं उत्तर, की डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. डॉक्टरांनी लगेच दिलं: स्कोलिओसिसमुळे झालेल्या धडाच्या विकृतीची पुनर्रचना. तीन आठवडे गेले, पण २९ जानेवारीला सुधारित अंदाजपत्रक आलं, जीएसटी शून्य. आमच्या हॉस्पिटलने मान्य केलं म्हणून सगळेच करतील असं नाही. पण प्रमाणपत्रात नेमके शब्द असतील तर विचारायला तोंड राहतं.

तेच प्रमाणपत्र मी मोठ्या आशेने विम्याकडेही पाठवलं. पगार एकवीस हजारांच्या वर गेल्यापासून मी ईएसआय या सरकारी कामगार विम्यातून बाहेर, कारखान्याची ग्रुप पॉलिसी आहे. १२ जानेवारीला कॅशलेससाठी अर्ज गेला, दुसऱ्या दिवशी नकार. कारण, अपवर्जन कोड आठ. सगळ्या आरोग्य पॉलिस्यांत हे कलम एकाच भाषेत असतं: रूप बदलणारी सर्जरी मिळणार नाही, अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना सोडून. किंवा मग प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका टाळायला ती गरजेची आहे असं डॉक्टरांनी प्रमाणित करायला हवं. कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं, सोळा दिवसांनी तेच उत्तर. पुढची पायरी विमा लोकपाल. सोलापूरकरांना पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं.

मी गेले नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, 'तातडीचा धोका' असं लिहून द्याल का? त्या म्हणाल्या, "धोका नाही, तर कसं लिहू? तुमची विकृती खरी आहे, ते मी लिहिलंय. धोका खोटा आहे, तो मी लिहिणार नाही." तेव्हा वाईट वाटलं. पण जी बाई माझ्या फायद्यासाठीसुद्धा खोटं लिहीत नाही, तिच्यासमोर बेशुद्ध व्हायला मला भीती कमी वाटली, हेही खरं. म्हणजे एकाच पाठीसाठी कर खात्याच्या व्याख्येत मी रुग्ण आणि विमा कंपनीच्या व्याख्येत हौशी. पैसे शेवटी माझी एफडी मोडून भरले.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेत, त्या वर्षी मी गेले नाही. ऑपरेशनआधी सर्दी-खोकला झाला तर भूल देत नाहीत आणि गड्ड्याच्या गर्दीतली धूळ म्हणजे खोकल्याला आमंत्रणच. अक्षता सोहळ्याला न जाण्याची जन्मातली पहिली वेळ. मिरवणुकीतले नंदीध्वज गल्लीच्या तोंडाशी दुरून बघितले.

रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, टू-डी एको सोलापुरातच केलं, तेवढंच स्वस्त. ६ फेब्रुवारी २०२४ ला भरती, ७ ला बुधवारी ऑपरेशन. भूलतज्ज्ञांनी पीएफटीचा कागद दोनदा वाचला, तोंड किती उघडतं ते बघितलं. अंगात धातू आहे हे मी नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत प्रत्येकाला सांगत सुटले, शेवटी एक मावशी म्हणाल्या, "कळलं गं बाई, तू लोखंडी आहेस." टायटॅनियम म्हणायचं राहून गेलं.

सकाळी डॉक्टरांनी उभं करून पाठीवर मार्करने रेषा काढल्या. खळग्याभोवती वर्तुळं, समोच्च रेषांच्या नकाशासारखी. आधी उताणं, मग पालथं, मिळून साडेतीन तास. काढलेली चरबी सुमारे ७०० मिली, गाळून डाव्या पाठीत २२०, उजव्या कमरेत ९०.

जाग आली तेव्हा पाठ जवळजवळ दुखतच नव्हती, पोट आणि मांड्या मात्र कोणी लाटण्याने बडवल्यासारख्या. जिथून काढतात तिथे जास्त दुखतं, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिली रात्र बारीक छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपत राहतं. तो चरबी काढण्याआधी आत सोडलेला द्रव असतो, घाबरू नका, गादीवर प्लॅस्टिक आणि जुनी चादर टाका. श्वास लागणं, ताप, पोटरी सुजणं किंवा जागा लाल होऊन तापणं, यातलं काहीही झालं तर रात्री दोनला फोन करा असं त्यांनी बजावलं होतं. वेळ आली नाही.

९ तारखेला सुट्टी, मग तीन दिवस हडपसरला मावशीकडे. झोपायचं कसं हा मोठाच प्रश्न. डाव्या पाठीवर दाब नको म्हणून उताणं नाही. उजव्या कमरेत भरलंय म्हणून उजव्या कुशीवर नाही. पोट दुखतंय म्हणून पालथं नाही. उरली डावी कूस, तीही पुढे झुकून, उशी कवटाळून. पाच आठवडे. मोठी लोडासारखी उशी आधीच घेऊन ठेवा.

१२ ला गाडीने सोलापूर. दर तासाला उतरून पाच मिनिटं चालायचं, पायात रक्त साकळू नये म्हणून. यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, प्रत्येक ठिकाणी मी हायवेच्या कडेला शतपावली घालतेय आणि ड्रायव्हर चहा पितोय. त्याचे पाच चहा माझ्याकडून.

मग तो दाबाचा पोशाख. छातीखालपासून गुडघ्यापर्यंत घट्ट, सहा आठवडे, चोवीस तास. एक ४,२०० ला, दोन लागतात, एक धुवायला. अडचण अशी की जिथून चरबी काढली तिथे दाब हवा आणि जिथे भरली तिथे अजिबात नको, नाहीतर ती जगत नाही. माझा तयार पोशाख नेमका उजव्या कमरेच्या भरलेल्या जागेवर आवळत होता. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, तिथे खिडकी कापून घ्या, पण कड उसवता कामा नये. आईने चष्मा लावला, माझ्या अंगावरच खडूने खूण केली आणि पाऊण तासात ओव्हरलॉक मारून खिडकी तयार. फोनवर ते बघून डॉक्टर म्हणाल्या, "यांना आमच्याकडे पाठवा."

मार्चमध्ये सोलापूर पेटतं. दुपारी पारा अडतीसच्या पुढे आणि मी त्या कोषात. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्यामुळे अंघोळीचंही गणित. घामोळ्यांनी जीव नकोसा केला. कुणाला करायचंच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर गाठा. मी जीएसटीच्या मागे लागून थंडी घालवली. बरं एवढंच की धुतलेला पोशाख गच्चीवर वीस मिनिटांत वाळायचा.

तीन आठवड्यांनी कामावर. "लग्नासाठी केलंस का?" असं चार जणींनी विचारलं, त्यातल्या दोघी मनापासून.

सगळा खर्च: पॅकेज १,८५,०००, तपासण्या ९,०००, डॉक्टरांच्या फिया २,७००, पोशाख ८,४००, औषधं ३,९००, प्रवास १४,०००. एकूण २,२३,०००. बिनपगारी रजा वेगळी.

मार्चअखेर आरशात बघून मी खूश होते. तेव्हा सूजही होती, हे एप्रिलमध्ये कळलं. रोज सकाळी वाटायचं, कालच्यापेक्षा कमी झालं. डॉक्टरांनी रोज बघू नका, महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा, असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि उगीच दोन महिने झुरले. जूनपासून बदल थांबला. उजव्या कमरेची खाच बरीच भरली. डाव्या पाठीतलं अंदाजे निम्मं टिकलं. वाकले की उंचवटा तसाच दिसतो. उभी असले, अंगात कुडता असला, तर मागून बघणाऱ्याला बहुधा कळत नाही. बहुधा. ओढणी सोडायची सवय हाताला अजून आहे.

१२ ऑगस्टला शेवटची भेट. दुसरी फेरी करायची असेल तर आता करता येईल, खर्च निम्म्याच्या आसपास, असं त्या म्हणाल्या. मी वेळ मागितला.

त्या आठवड्यात आईने गौरीसाठी माझ्या ब्लाऊजचं कापड काढलं. टेप घेऊन पाठीमागे उभी राहिली, दोन्ही बाजू मोजल्या, आणि बराच वेळ काही बोलली नाही. आधी दीड इंचाचा फरक असायचा, आता पाऊण. तिने स्पंजचा तुकडा हातात घेतला, दाबून बघितला, परत डब्यात टाकला, मग पुन्हा काढला.

"अर्धा लावू," म्हणाली, "का तू परत जाणार हैस? तसं असलं तर कापत नाही अजून."

कापड अजून कपाटात आहे.